स्टूल पुसलं, तरी माणूस तरंगत का नाही?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी भाचीला स्टुलावर पालथं झोपवलं. ती हवेत तरंगते आहे असा फोटो करायचा होता. हात पुढे, पाय मागे ताणलेले, पाठीमागे पवनचक्क्यांची रांग, खाली वाळून पिवळं पडलेलं गवत. दोन फोटो काढले. एकात ती, दुसऱ्यात नुसतं पठार. घरी येऊन संगणकावर स्टूल पुसलं. काम स्वच्छ झालं होतं, गवताची काडी न् काडी जुळली होती. भाची माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघत म्हणाली, "मावशी, स्टूल गेलंय, पण मी अजून स्टुलावरच आहे."

तिचं खरं होतं. पोट चपटं झालं होतं, बरगड्यांखाली स्टुलाच्या काठानं कुर्त्याला एक सरळ घडी पडली होती, मान आखडून खांदे कानांपर्यंत आले होते. आणि गवतावर तिची सावलीच नव्हती. स्टुलाची सावली पुसताना मी तिचीही पुसून टाकली होती.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हाच फोटो घेऊन येतात. फक्त जागा बदलते. कधी यवतेश्वरचा घाट, कधी अजिंक्यतारा, कधी घराची गच्ची. प्रश्न मात्र ठरलेला: "फोटोशॉपमध्ये काय चुकलं?" बहुतेक वेळा फोटोशॉपमध्ये काहीच चुकलेलं नसतं. स्टूल चित्रातून गेलेलं असतं, पण माणसाच्या अंगातून गेलेलं नसतं. ते घालवायचं काम शूटिंगच्या जागीच करावं लागतं.

आधी दोष कुठला ते ओळखा

बिघडलेला फोटो स्क्रीनवर टपालाच्या तिकिटाएवढा लहान करा आणि चार हात मागे सरकून बघा. एवढ्या लहान आकारातही काहीतरी खटकत असेल, तर दोष शरीराच्या ठेवणीत, सावलीत किंवा कॅमेऱ्याच्या उंचीत आहे. लहान असताना छान वाटतो आणि मोठा केल्यावर खटकतो, तर दोष जोडकामात आहे: कडा, डाग, न जुळलेलं गवत. मग फोटो आडवा उलटा करा, डावं उजवीकडे. डोळ्याला सवय झालेली असते ती मोडते आणि चूक एकदम पुढे येते.

हे करून मगच दुरुस्तीला बसा. ज्या फोटोत मुळात सावली चुकली आहे त्याच्या केसांच्या कडांवर तीन तास घालवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या तीन तासांचं मला खरंच वाईट वाटतं.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे असं धरते, तरी दोन ओळीत सांगते. कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, घट्ट. एक फ्रेम माणूस आधारावर असताना, एक फ्रेम माणूस आणि आधार दोन्ही नसताना. दोन्ही फ्रेम संगणकावर एकमेकांवर थर (लेअर) म्हणून ठेवायच्या, लेअर मास्कनं, म्हणजे थराचा नको तो भाग लपवणाऱ्या पडद्यानं, वरच्या फ्रेममधला आधार झाकायचा, खालची मोकळी जमीन दिसू लागते. ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. १९६० साली पॅरिसजवळच्या एका रस्त्यावर इव्ह क्लाइन या कलावंतानं भिंतीवरून हवेत झेप घेतली, तेव्हा खाली त्याचे मित्र ताडपत्री धरून उभे होते. हॅरी शंक आणि यानोश केंडर या छायाचित्रकारांनी तोच रस्ता रिकामा असतानाही टिपला आणि डार्करूममध्ये दोन्ही फोटो जोडले. ताडपत्री गेली, क्लाइन हवेत राहिला. तो फोटो आजही पटतो, कारण त्याची झेप खरी होती. अंग खरोखर हवेत होतं, त्याच्या अंगात ताडपत्री नव्हती.

"स्टूल होतं तिथं डाग दिसतो"

हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात सोपा आहे. स्टुलाच्या जागी आलेली जमीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उजळ, थोडी पिवळी किंवा थोडी निळसर दिसते. कारण कॅमेऱ्याला दोन्ही वेळा स्वतः ठरवू दिलेलं असतं. पहिल्या फ्रेममध्ये गडद कपड्यातला माणूस होता म्हणून कॅमेऱ्यानं उजेड वाढवला. दुसऱ्या फ्रेममध्ये नुसतं गवत आणि आकाश, म्हणून कमी केला. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे उजेडाच्या रंगाची जुळवणी, ऑटोवर असेल तर रंगही हलतो.

म्हणून सगळं मॅन्युअल. शटर, अॅपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, आणि फोकससुद्धा. फोकसची गोष्ट बरेच जण विसरतात. ऑटोफोकस चालू ठेवलं आणि माणूस उतरल्यावर मोकळी फ्रेम घेतली, की लेन्स मागच्या डोंगरावर फोकस करते. मग जवळचं गवत वेगळं धूसर होतं, आणि बऱ्याच लेन्समध्ये फोकस बदलला की चौकटही किंचित आतबाहेर होते. माणसाच्या चेहऱ्यावर फोकस घ्या, लेन्सवरची कळ मॅन्युअलला सरकवा आणि शूटिंग संपेपर्यंत त्या रिंगला हात लावू नका.

उजेड मात्र आपल्या हातात नाही. संध्याकाळी सूर्य झपाट्यानं उतरतो. जानेवारीत आपल्याकडे तो २५ अंशांवरून २० अंशांवर यायला साधारण पंचवीस मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात ७५ सेंमी उंचीच्या स्टुलाची सावली १६० सेंमीवरून २०५ सेंमीच्या आसपास जाते. हातभर फरक. त्यामुळे "आधी तिचे सगळे फोटो काढू, मोकळी फ्रेम शेवटी घेऊ" हे चालत नाही. मी आता दर तीन-चार फ्रेमनंतर भाचीला बाजूला करते, मदतीला आणलेला पोरगा स्टूल उचलतो, एक मोकळी फ्रेम, पुन्हा स्टूल जागेवर. स्टुलाच्या पायांच्या जागा लक्षात राहाव्यात म्हणून चार बारीक खडे ठेवते. पावसाळ्यात, धुकं पठारावरून सरकत असताना, तर प्रत्येक फ्रेमला जोडीची मोकळी फ्रेम लागते, कारण एका मिनिटात मागची टेकडी असते आणि नसते.

काढून झालेल्या फोटोत डाग असेल तर मोकळ्या फ्रेमच्या लेअरवर कर्व्जचा, म्हणजे उजेड आणि रंग कमीजास्त करणारा, थर फक्त त्याच लेअरपुरता लावा आणि डागाच्या आतल्या-बाहेरच्या जमिनीच्या रंगाचे आकडे आयड्रॉपरनं (रंग मोजणाऱ्या साधनानं) बघून जुळवा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, कारण पिवळ्या गवतात लाल आणि निळ्याचा फरक डोळा पटकन पकडत नाही. मास्कची कड जमिनीवर मऊ ठेवा आणि शरीराशी कडक. सगळीकडे एकच ब्रश फिरवला की एकतर जमिनीवर रेघ दिसते किंवा कुर्त्याभोवती वलय येतं.

"कडांना दुहेरी रेघ येते"

तिकाटणं हललं. बस. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत, तिथला वारा तिकाटण्याला थरथर आणतो. मधली दांडी वर काढू नका, पाय पसरून तिकाटणं बुटकं ठेवा. हुकाला बॅग अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. लोंबती बॅग वाऱ्यावर झोके घेते आणि उलट कॅमेरा हलवते. शटर टायमरनं किंवा रिमोटनं दाबा. तिकाटण्यावर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, कारण ते दर वेळी चौकट जरा वेगळी स्थिर करतं.

तरी फरक राहिलाच तर दोन्ही लेअर निवडून ऑटो-अलाइन लावा, मग वरच्या लेअरचा ब्लेंड मोड (थर एकमेकांत मिसळायची पद्धत) डिफरन्स करा. जिथं जुळलं आहे तिथं काळं दिसतं, जिथं नाही तिथं उजळ रेघा. तपासून मोड परत नॉर्मलला आणा. जिम्प या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हा मोड आहे. वाऱ्यानं हललेलं गवत कधीच पूर्ण जुळणार नाही, त्याची काळजी करू नका. मास्कची कड गवताच्या जुडीच्या मधून न नेता एखाद्या दगडाच्या किंवा पायवाटेच्या काठानं न्या, म्हणजे जोड लपतो.

"सगळं जुळलं, पण माणूस झोपलेलाच वाटतो"

आता मूळ दुखणं. माझ्या भाचीनं बोट ठेवलं ते इथं.

माणसाचं वजन जिथं टेकतं तिथं अंग बदलतं. मांडी पसरते, पोट दबतं, कापड ताणलं जातं किंवा त्याला घडी पडते. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण प्रत्येकजण रोज बसतो, झोपतो, टेकतो. टेकलेलं अंग कसं दिसतं हे डोळ्याला पाठ असतं. त्यामुळे स्टूल कितीही सफाईनं पुसा, चपटं झालेलं पोट बघून डोळा तिथं स्टूल परत ठेवतो.

पहिला उपाय आधाराचा. बैठक जितकी लहान तितकी चांगली. गोल, अरुंद बैठकीचं उंच स्टूल घ्या, कापड दुकानात विक्रेते बसतात तसलं. बैठकीवर उशी टाकू नका. उशीनं आराम मिळतो, पण दबलेला भाग वाढतो. लहान कडक बैठक अंगाच्या आत लपते आणि दबलेली जागा वीतभरच राहते.

दुसरा उपाय मला सगळ्यात उपयोगी पडला: आधार सरकवून दोनदा फोटो काढणं. एकदा स्टूल कमरेच्या हाडाखाली. या फ्रेममध्ये छाती, पोट, मान, हात मोकळे असतात. मग अंग त्याच जागी ठेवून स्टूल बरगड्यांखाली, म्हणजे कंबर, मांड्या, पाय मोकळे. पोरगा दुसऱ्या बाजूनं तळवे धरतो, ते हात नंतर पुसले जातात. संगणकावर वरचं अंग पहिल्या फ्रेममधून, खालचं दुसरीतून, आणि जोड कमरेवरच्या कुर्त्याच्या चुण्यांमध्ये. आता चित्रात कुठंही टेकलेलं अंग नाही. पोटाचा खालचा भागही खरा दिसतो. स्टुलावर तो काळवंडतो, कारण गवतावरून वर येणारा उजेड बैठक अडवते. मोकळ्या पोटाला तो पिवळसर उजेड मिळतो, आणि हा एवढासा रंग तरंगण्याचा भास पक्का करतो.

यासाठी मॉडेलला दोन्ही वेळा एकाच उंचीवर, एकाच कोनात राहावं लागतं. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर स्केचपेननं नाक, ढोपर आणि टाच यांच्या जागी तीन ठिपके देते. स्क्रीनला गार्ड लावलेला आहे, पुसला की जातो.

तिसरी गोष्ट ठरवायची, तंत्राची नाही: हिला उचललंय कुणी? दोनच प्रकार मी मानते. एक, कुणीतरी कमरेला अदृश्य दोरी बांधून उचलल्यासारखं. पाठ कमानीसारखी, डोकं, हात, केस, पाय सगळं खाली लोंबतं, चेहरा सैल. दुसरा, वजनच नाही असं. मग केस लोंबता कामा नयेत, ओढणी हवेत पसरली पाहिजे, बोटं सैल आणि पायाचे अंगठे ताणलेले. अर्धं हे आणि अर्धं ते केलं की फोटो पडतो. माझ्या पहिल्या फोटोत भाचीचे हात उडणाऱ्या माणसासारखे पुढे होते आणि वेणी मात्र सरळ जमिनीकडे लोंबत होती. ती वेणीच ओरडून सांगत होती की मुलगी कशावर तरी पडली आहे.

नवशिक्यांना मी लोंबता प्रकार आधी करायला सांगते. पाठीवर झोपवून केलेला. तिथं गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूनं काम करतं, केसांशी झगडावं लागत नाही.

वजनच नाही असं दाखवायचं असेल तर केसांच्या आणि ओढणीच्या वेगळ्या फ्रेम घ्या. कॅमेरा तोच, जागा तीच. पोरगा ओढणीचं टोक धरून वर झटकतो आणि सोडतो, मी सलग वीस-पंचवीस फ्रेम घेते, त्यातली एक चालते. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान. साडीचा पदर जड असतो, सुटा सोडला की पटकन पडतो, त्याला टोकाला तंगूस (मासे पकडायचा बारीक पारदर्शक दोरा) बांधून ओढून धरावा लागतो. तंगूस पुसायला सोपा, पण त्याच्या ओढीनं पदराला टोकदार शंकू येतो. म्हणून एकाच्या ऐवजी तीन ठिकाणी बांधा, ओढ वाटली जाते. केस हातानं उचलून सोडायचे, पंख्यानं नाही. पंख्यानं केस एका दिशेला जातात आणि फोटोत वारा दिसतो.

आणि चेहरा. पालथं झोपून मान वर ठेवली की दहा-पंधरा सेकंदांत कपाळावर शीर येते. मी भाचीला म्हणते, "श्वास सोड, दात मोकळे कर, आता डोळे मीट." तीन फ्रेम घेते आणि लगेच उतरवते. पंधरा सेकंदांवर कुणालाही त्या अवस्थेत ठेवू नका. नंतर चेहरा दुरुस्त करणं हे काम मला आजवर नीट जमलेलं नाही, आणि मॉडेलला त्रास देऊन काढलेला फोटो मला नकोही असतो.

सावली

सावली चुकली की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. हवेत किती उंच आहे हे माणसाच्या अंगावरून कळत नाही, ते त्याच्या आणि सावलीच्या मधल्या अंतरावरून कळतं.

बरीच मुलं काळा मऊ ब्रश घेतात आणि शरीराच्या बरोबर खाली एक लांबट ठिपका काढतात. माध्यान्हीला हे थोडंफार खपेल. पण संध्याकाळी सूर्य २५ अंशांवर असताना जमिनीपासून १ मीटर उंच असलेल्या माणसाची सावली त्याच्या खाली पडतच नाही. ती दोन मीटरहून थोडी जास्त लांब पडते. कधी कधी चौकटीच्या बाहेर. म्हणजे तिथं सावली नसणं हेच बरोबर असतं, फक्त ती चौकटीत येते का हे आधी बघायचं. हवं तर माणसाच्या उंचीवर काठीच्या टोकाला रुमाल बांधून धरा, रुमालाची सावली कुठं पडते ते बघा, आणि ती चौकटीत येईल अशी जागा घ्या.

खरी सावली स्टुलाच्या फ्रेममध्ये आधीच असते, ती जपा. स्टुलाच्या पायांपासून एक सावली निघते आणि पुढे जाऊन माणसाच्या सावलीला मिळते. मास्क करताना पायांची सावली पुसत पुसत माणसाच्या सावलीच्या काठापर्यंत जा आणि तिथं थांबा. बैठक अंगापेक्षा लहान असेल तर तिची सावली माणसाच्या सावलीतच विरघळलेली असते, वेगळी काढावी लागत नाही. अरुंद बैठकीचा हा दुसरा फायदा. बैठक बाहेर डोकावत असेल तर सावलीलाही तो फुगवटा येतो, तेवढा काठ हातानं दुरुस्त करावा लागतो.

सावली गेलीच असेल तर नवी करता येते, पण काळ्या रंगानं नाही. जमिनीवर उजेड कमी करणारा कर्व्जचा थर घ्या आणि त्याचा मास्क शरीराच्या आकाराचा करा, सूर्याच्या दिशेप्रमाणे तिरपा ताणलेला. असं केलं की सावलीच्या आतली गवताची काडी दिसत राहते. किती गडद करायचं याचं उत्तर मूळ फ्रेममध्येच असतं. स्टुलाच्या सावलीवर आयड्रॉपर ठेवा आणि तेच आकडे आणा. रंगही तिथूनच घ्या. उघड्या आकाशाखाली सावलीत निळसर झाक असते, कारण तिथं सूर्य पोचत नाही पण आकाश पोचतं.

काठ किती मऊ? सूर्य हा बिंदू नाही, त्याची थाळी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे प्रकाश जितका लांबून येऊन जमिनीवर पडतो, तितका सावलीचा काठ पसरतो: दर मीटरला साधारण ९ मिलिमीटर. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात १ मीटर उंचीवरून जमिनीपर्यंतचा तिरपा प्रवास सव्वादोन मीटरच्या वर जातो, म्हणजे काठ दोनेक सेंटिमीटर मऊ. हात उंच असेल तर त्याची सावली जास्त मऊ, पाय खाली असेल तर कमी. सगळ्या सावलीला एकच ब्लर लावला की ती कागदाची कातरण वाटते.

ढगाळ दिवशी उलटी चूक होते. श्रावणातल्या झाकोळलेल्या उजेडात काठ असलेली सावली कुणाचीच पडत नाही, झाडाची नाही, गाडीचीही नाही. तिथं तरंगणाऱ्याखाली ठसठशीत सावली काढली की फोटो खोटा. एक मीटर उंचीवर नुसता रुंद, पुसट काळसरपणा असतो, आणि तोही स्टुलाच्या फ्रेममध्ये आलेला असतो. तो तसाच ठेवा.

पाण्यात प्रतिबिंब

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर एकाला हा त्रास झाला. कृष्णेचं पाणी स्थिर, मुलगी घाटाच्या खालच्या पायरीवर स्टुलावर, पाण्यावर तरंगते आहे असं दाखवायचं. त्यानं वरचं स्टूल पुसलं आणि पाण्यातलं विसरला. लहान आकारात बघेपर्यंत त्याला कळलं नाही.

पाण्यातल्या स्टुलाला मोकळ्या फ्रेममधलं पाणी लावलं की काम भागेल असं वाटतं, पण पाण्याच्या लहरी दर क्षणाला बदलतात. म्हणून मोकळ्या फ्रेम दहा-बारा घ्या आणि ज्यातल्या लहरी जवळच्या आहेत ती निवडा. वरचं अंग दोन फ्रेममधून जोडलं असेल, तर प्रतिबिंबही त्याच दोन फ्रेममधून जोडावं लागतं. वरचं चित्र उलटं करून खाली चिकटवणं चालत नाही. पाणी माणसाला खालून बघतं. प्रतिबिंबात हनुवटीखालचा, पोटाखालचा भाग दिसतो, जो कॅमेऱ्याला वरून दिसत नाही.

कॅमेरा किती उंच

कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर असेल तर माणसाच्या मागे जमीनच येते आणि तो जमिनीवर झोपलेला वाटतो. कॅमेरा गुडघ्याच्या खाली न्या. क्षितिज शरीराच्या खाली आलं पाहिजे, म्हणजे माणूस आणि जमीन यांच्यामध्ये आकाशाची एक पट्टी दिसते. पठारावर ही पट्टी आयती मिळते, म्हणून मला चाळकेवाडी आवडतं. खूप वाइड लेन्स मात्र नको, कडेला असलेले हातपाय ताणले जातात.

उडी मारून केलं तर?

केलं तर उत्तम. अंगात आधार नसतोच. फिलिप हाल्समन यांनी १९४८ साली चित्रकार साल्वादोर दाली यांचा हवेतला फोटो काढला, त्यात दाली उडी मारतात, तीन मांजरं आणि पाण्याचा फवारा हवेत फेकलेला आहे. त्यात हवेत दिसणारी खुर्ची हाल्समन यांच्या पत्नीनं हातात धरली होती. नीट जमायला पंचवीसहून जास्त प्रयत्न लागले. टोकियोच्या नात्सुमी हायाशी यांचे २०११ च्या सुमाराचे तरंगते फोटोही खऱ्या उडीचे आहेत.

इथं येणारी तक्रार म्हणजे "उडी मारल्यासारखंच दिसतं." याचं कारण फ्रेम चुकीच्या क्षणी घेतलेली असते. ३० सेंमी उडीत माणूस साधारण अर्धा सेकंद हवेत असतो, आणि त्यातला निम्मा वेळ वरच्या चौथ्या भागात, म्हणजे शेवटच्या साडेसात सेंटिमीटरमध्ये जातो. म्हणजे वरच्या टोकाला पाव सेकंद मिळतो. सेकंदाला दहा फ्रेम घेणारा कॅमेरा तिथं दोन-तीन फ्रेम देतो. अडचण वेळेची नाही, उडणाऱ्याच्या सवयीची आहे. उडताना माणूस गुडघे वाकवतो, मुठी आवळतो, खांदे उचलतो. मी भाचीला जमिनीवर उभं राहून आधी चेहरा आणि हात शांत ठेवायला लावते, आणि उडी फक्त घोट्यातून मारायला सांगते. उडी कमी होते, पण ती चालताना अलगद उचलली गेल्यासारखी दिसते. बुटक्या कॅमेऱ्यानं ती कमी उंचीही पुरते.

मोबाइलवर

हेच सगळं लागू आहे. स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक करा, प्रो मोड असेल तर तो वापरा, एचडीआर (अनेक उजेडांच्या फ्रेम आपोआप मिसळणारी सोय) बंद. मोबाइलला तिकाटणं हवंच, विटांवर टेकवलेला मोबाइल बटण दाबताना सरकतो. वस्तू आपोआप पुसणारी अॅप आता बरी झाली आहेत, पण ती जमिनीचा अंदाज करतात, आणि स्टुलाबरोबर सावलीही नेतात. मोकळी फ्रेम काढलेली असेल तर अंदाजाची गरज पडत नाही.

जागेचंही बघा. सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचा, जांभा दगड खडबडीत असतो, स्टुलाचा एक पाय हवेत राहतो. खाली चपटा दगड सरकवून आधी स्वतः त्यावर बसून बघा. कड्याच्या काठाजवळ स्टूल कधीच नाही, चित्रात कडा हवा असेल तर काठापासून दूर राहून कॅमेऱ्याच्या कोनानं तो जवळ आणा. मदतीला असलेला माणूस हातभर अंतरावर, अगदी चौकटीत उभा राहिला तरी चालेल, मोकळ्या फ्रेममुळे तो पुसला जातो. फक्त शरीरावर आणि सावलीवर त्याची छाया नको. आणि कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत हा खेळ करू नका. तिथली माती खडकावर बोटभर जाडीची असते, स्टुलाच्या चार पायांनी पुढच्या वर्षीची फुलं जातात.

भाचीचा फोटो मी दोन आठवड्यांनी पुन्हा काढला. या वेळी पाठीवर झोपवून, केस सोडून, स्टूल दोन ठिकाणी ठेवून, दर चार फ्रेमला मोकळी फ्रेम घेत. शेवटचं चित्र पाच फ्रेममधून जोडलं. सावली तिच्या उजवीकडे दोन पावलं, तिची स्वतःचीच. एक गोष्ट राहिली होती, ती भाचीनंच दाखवली: मागच्या तिसऱ्या पवनचक्कीला तीनऐवजी चार पाती दिसत होती. दोन फ्रेमच्या मधली जोडरेघ नेमकी तिच्यावरून गेली होती. ती पवनचक्की पूर्ण एकाच फ्रेममधून घेतली, मास्कची कड तिच्या आणि शेजारच्या पवनचक्कीच्या मधल्या मोकळ्या आकाशातून नेली, आणि मग फोटो तिच्या आईला पाठवला.